खाणप्रदूषण आणि मुक्तसंचारी कोंबड्या

धातूंच्या खाणी, धातुक वितळवण्याच्या भट्ट्या व खनिज-गाळाचे ढीग यांच्या परिसरात मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्यांमध्ये शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांमुळे उद्भवणारे विकार. विष शरीरात जाण्याचा प्रमुख मार्ग माती हा मानतात. दाणे व किडे टिपताना कोंबडी रोज साधारण 10 ते 30 ग्रॅम माती गिळते असा अंदाज आहे. जमीन व चाऱ्यानुसार तो बराच बदलतो. मातीचे कण पेषणीत (जाड स्नायूंच्या जठरात) भरडले जातात आणि तिच्या आधीच्या ग्रंथिल जठरातून आलेल्या आम्लात विरघळतात. शिशाचे कार्बोनेट सहज विरघळते, सल्फाइड (गॅलेना) मात्र संथपणे. त्यामुळे मातीतील एकूण शिशाचा आकडा एकटा फसवा ठरतो.

शिसे हीम (रक्तातील हिमोग्लोबिनचा लोहयुक्त घटक) घडवणाऱ्या विकराला अटकाव करते. त्यातून रक्तक्षय, खंगणे, हिरवट हगवण, पंख लोंबणे आणि अंडी घटणे ही लक्षणे दिसतात. मानमोडीशी (राणीखेत) त्यांची गल्लत होऊ शकते. मात्र बदकांच्या मानाने कोंबडी शिसे अधिक सोसते. रक्तात भरपूर शिसे असूनही ती धडधाकट दिसते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

अंड्यात शिसे किती उतरते याबाबत एकमत नाही. अंड्यावरील कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत कवचासाठी कॅल्शियमचा खास साठा होतो. कॅल्शियमसारखेच वागणारे शिसे तिथे जमते व कवच बनताना पुन्हा रक्तात येते. बलकातील शिसे रक्तातील पातळीच्या प्रमाणात वाढते हे मत अधिक ग्राह्य वाटते. पांढऱ्या भागात ते नगण्य असते. पाऱ्याचे उलट आहे : मिथिल पारा मुख्यतः पांढऱ्या भागात जातो. कॅडमियम अंड्यात फारसे उतरत नाही. ते यकृत व मूत्रपिंडात वयाबरोबर साचते.

झांबियातील काब्वे येथे शिसे-जस्ताची खाण 1902 ते 1994 या काळात चालली. तेथील मोकळ्या कोंबड्यांच्या यकृत व मूत्रपिंडात शिसे आणि कॅडमियम खाद्यमर्यादेपलीकडे आढळले. स्नायूंत ते कमी होते. घानातील तार्क्वा या सोन्याच्या खाणींच्या भागातही असे अभ्यास झाले आहेत. यूरोपीय संघात कोंबडीच्या मांसासाठी शिशाची मर्यादा किलोमागे 0.10 मिलिग्रॅम आहे.

कॅल्शियम ईडीटीए या धातू बांधून घेणाऱ्या औषधाने शिसे बाहेर काढता येते, पण कळपासाठी हा उपाय क्वचितच परवडतो.