सुई कमरेला कशी आली

जुन्या जीन्सचा खिसा, फाटक्या लुगड्याचा काठ, बिघडलेल्या रेडिओतला चुंबक. यवतमाळकडच्या आमच्या गावात एवढ्यावर शिवणाच्या सामानाची कमरेला बांधायची पिशवी तयार होते. तिचं मूळ शोधायचं तर आधी चंचीकडे जावं लागतं. पान-सुपारी-तंबाखूसाठी शिवलेली, कप्प्याकप्प्यांची, नाडीनं गुंडाळायची ही कापडी पिशवी. माझ्या आजीच्या चंचीच्या एका कप्प्यात सुपारीऐवजी सुया, दाभण आणि दोऱ्याची गुंडी असे. "सुई हारपली तं सारं घर धुंडा लागते," असं ती म्हणायची. दिवेलागणीनंतर कुणाला सुई द्यायची नाही, हा दंडकही तिनं शेवटपर्यंत पाळला.

युरोपात याच गरजेतून वेगळी वस्तू घडली. कमरेला एक आकडा, त्यातून लोंबणाऱ्या साखळ्या, आणि एकेका साखळीला कात्री, सुयांची नळी, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), किल्ल्या. १८व्या शतकात ती श्रीमंतांच्या घरी दिसते. १९व्या शतकात तिला 'शॅटलेन' हे नाव पडलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ गढीची मालकीण. किल्ल्यांचा चांदीचा छल्ला कमरेला खोचणारी आपल्या वाड्यातली बाई तिच्या फार जवळची वाटते. फरक एवढाच की छल्ल्याला किल्ल्याच राहिल्या, आणि सुई कापडात गेली.

कमरेला सामान बांधून काम करणं वऱ्हाडातल्या बाईला शिकवावं लागत नाही. कापूस वेचताना ती कमरेला ओटी बांधतेच. बोंड मोकळं करायचं आणि कापूस ओटीत टाकायचा, दोन्ही हात कामात. याच कापसामुळे १८६७ साली नागपूरला पोचलेल्या रेल्वेला महत्त्व आलं आणि १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तिथं सुरू झाली. पुढे शिवणयंत्र आलं. सिंगरचं पेटंट १८५१चं. देशी 'उषा' १९३०च्या दशकातली. यंत्राला खण असतो, त्यामुळे बाजारातल्या शिंप्याचं सामान जागेवर बसलं. घरातलं शिवण मात्र एका जागी बसून होत नव्हतं. वाकळीला धावदोरा घालायचा, फाटलेल्या लुगड्याचे तुकडे जोडून दंड घालायचा, तेवढ्यात चुलीवरचं उतू जातं. उठताना हातातली सुई पदराला टोचली जाते आणि मग ती कुणाला तरी रुतते. म्हणून घरातली सुई कमरेच्या पिशवीत आली. बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना ही तर आपल्या बायकांची सर्वांत साधी आणि सर्वांत जुळून आलेली सोय.

टाकाऊतून करण्यामागे गरिबी होती, पण जाणही होती. सुया खोचायच्या गादीत आजी गुंतवळ भरायची, विंचरताना निघालेले केस. केसांतल्या तेलामुळे सुईला गंज चढत नाही. नव्या कापसाची गादी पावसाळ्यात ओल धरते, हे कापूस पिकवणाऱ्या घराला चांगलंच ठाऊक. बंजारा तांड्यांवरच्या आरसे-कवड्यांच्या पिशव्यांकडे पाहा. जुना तुकडा जोडायचा आणि जोड दिसेल तिथं भरतकाम करायचं, ही दृष्टी तिथं पूर्ण फुललेली आहे. दुर्दैवानं आपण त्या पिशव्या शोभेच्या म्हणूनच विकत घेतो.

आता खिसा जीन्सचा आहे, कात्रीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची टोपी आहे. चुंबक आतल्या कप्प्यात शिवलेला असतो, पण त्या कप्प्याला मुद्दाम एक बाजू उघडी ठेवतात. सुई खाली पडली की चुंबक काढून दोरीला बांधायचा आणि अंगणभर फिरवायचा.