द्राक्षबागेतला सेन्सर घरच्या हवामान केंद्राला जोडताना
निफाड, दिंडोरी भागातल्या आमच्या ग्राहकांसाठी

गच्चीवरचं केंद्र पाच अंश दाखवतं आणि खाली बागेत गवतावरचं दव गोठलेलं असतं. यात केंद्राची चूक नाही. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि जड असल्यामुळे सखल भागात साचते. गच्ची त्या थराच्या वर राहते. शेकोट्या कधी पेटवायच्या, पहाटे ठिबक कधी सुरू करायचं, हे ठरवायला घडांच्या उंचीवरचं तापमान लागतं.

आम्ही त्यासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर देतो. उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे. तो रास्पबेरी पायला, म्हणजे तुमचं केंद्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, तीन वायरींनी जोडा: ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. पाच व्होल्ट देऊ नका, पायची पिन जळते. सेन्सर पांढऱ्या झाकणाखालीच टांगा. उघडा ठेवला तर दिवसा उन्हाने तापतो आणि रात्री आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा गार होतो.

तुमच्या रास्पबेरी पायवर वी-डब्ल्यूएक्स हे हवामानाच्या नोंदी ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर चालतं. त्याच्या डेटाबेसमध्ये जादा तापमानाचा रकाना आधीच आहे, नवा बनवावा लागत नाही. आम्ही दिलेली छोटी पायथॉन फाइल ‘यूजर’ फोल्डरात ठेवा, तिचं नाव कॉन्फिग फाइलमध्ये डेटा सर्व्हिसेसच्या ओळीत जोडा आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा. दहा मिनिटांचं काम आहे.

खरी काळजी पुढे घ्यायची आहे, कारण चुकीचा आकडाही आलेखावर अगदी व्यवस्थित दिसतो.

वी-डब्ल्यूएक्सचा डेटाबेस मुळात फॅरनहाइटमध्ये नोंदी ठेवतो, पडद्यावर सेल्सिअस दिसत असलं तरी. सेन्सर सेल्सिअस देतो. रूपांतर न करता २५ पाठवले, तर पडद्यावर उणे ३.९ उमटतं. आमची फाइल रूपांतर करते. स्वतः लिहिणाऱ्यांनी मात्र हे आधी तपासावं.

वीज जाऊन आली की हा सेन्सर कधी कधी ८५ अंश सांगतो. ते तापमान नसतं, मोजणी होण्याआधीचा त्याच्यातला मूळ आकडा असतो. तो टाकून द्यायचा. तसंच वायर तुटली तर रकाना रिकामा राहिला पाहिजे, तिथे शून्य भरायचं नाही. त्या शून्यावर विसंबून कुणी रात्री दोन वाजता उठून बागेत धावेल, आणि असं दोनदा झालं की खऱ्या थंडीच्या पहाटे इशाऱ्याकडे बघणारच नाही. शेतकऱ्याचा असा विश्वास गेला तर सेन्सर बसवून काय उपयोग?

बसवण्याआधी एक चाचणी घरीच करा. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरा, थोडं पाणी घाला आणि सेन्सरचं टोक चुऱ्याच्या मधोमध दहा मिनिटं बुडवून ठेवा. आकडा शून्याच्या अर्धा अंश आतबाहेर आला पाहिजे. जास्त फरक आला तर सेन्सर आमच्याकडे घेऊन या, बदलून देऊ. डिसेंबरची वाट पाहू नका. छाटणीची गडबड संपली की लगेच या, म्हणजे थंडीआधी आठ-पंधरा दिवस गच्चीवरचा आणि बागेतला असे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघता येतील.