सात वर्षांचं मूल आणि पहिलं कन्फेशन

“फादर रागावले तर?” नागपूरच्या सदर भागात रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आमच्या कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. यंदा विचारणाऱ्या मुलीच्या मुठीत वहीचं फाडलेलं पान होतं. त्यावर तीन ओळी: आईशी खोटं बोलले, भावाला मारलं, प्रार्थना न करता झोपले.

एवढ्या लहान मुलाने कन्फेशनला, म्हणजे आपली पापं कबूल करून क्षमा मागायला, फादरसमोर जायचं, ही रीत सुरुवातीच्या चर्चमध्ये नव्हती. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा मोठ्या पापांचं प्रायश्चित्त तेव्हा चारचौघांसमक्ष घ्यावं लागे, तेही आयुष्यात बहुधा एकदाच. खासगीत आणि पुन्हा पुन्हा पाप कबूल करण्याची पद्धत सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठांतून पसरली. पुढे १२१५ मध्ये चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने नियम केला की समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं. समज कितव्या वर्षी येते, हे मात्र लिहिलं नाही. सगळा घोळ तिथूनच झाला. कम्युनियनसाठी, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकरी घेण्यासाठी, मुलांना दहा-बारा, कुठे चौदा वर्षांपर्यंत थांबवत. लहानग्यांचं कन्फेशन ऐकायचं नाही, ऐकलं तरी क्षमा द्यायची नाही, असाही प्रघात पडला.

पोप दहावे पायस यांनी तो ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने मोडला. साधी भाकरी आणि ख्रिस्ताचं शरीर यांतला फरक कळला की मूल तयार, म्हणजे साधारण सातव्या वर्षी. माझ्या मते मुलांवर चर्चने इतका मोठा विश्वास त्याआधी क्वचितच दाखवला असेल.

मुलं कन्फेशनच्या ज्या जाळीच्या खोलीला बिचकतात, ती सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी रूढ केली. आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सला ज्या सेमिनरीमुळे (फादर घडवणाऱ्या विद्यालयामुळे) नाव पडलं, ती त्यांच्याच नावाची. जाळी मुलांना घाबरवण्यासाठी कधीच नव्हती. कबुली देणाऱ्याची मर्यादा राखली जावी म्हणून ती आली.

नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. तो उभा केला फ्रान्सच्या आनसी गावाहून आलेल्या मिशनऱ्यांनी, आणि त्यांचे आश्रयदाते संत म्हणजे फ्रान्सिस डी सेल्स. सदरचं कॅथेड्रल याच संतांच्या नावाचं. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या एका माणसाला या संतांनी हातवाऱ्यांची भाषा जुळवून धर्म शिकवला. मुलांची तयारी करून घेताना मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर काही देशांत नेहमीचा क्रम उलटवून आधी कम्युनियन, मग कन्फेशन असे प्रयोग झाले. १९७३ मध्ये रोमने ते थांबवले. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेने तर तयारीची पहिली जबाबदारी आईवडिलांवर टाकली, फादरवर त्यांच्यानंतर. म्हणून पालकांना मी कळकळीने सांगते, घरी “थांब, फादरांना सांगते” अशी धमकी देऊ नका. रात्री निजताना दिवस आठवायला शिकवा, आणि कधी तुमचं चुकलं तर मुलासमोर ‘सॉरी’ म्हणा.

त्या मुलीला मी सांगितलं, की ऐकलेलं फादर कधीच कुणाला सांगू शकत नाहीत, तसा चर्चचा कडक नियम आहे.

“मम्मीलाही नाही?”

“मम्मीलाही नाही.”

मग तिने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि कागदावर हात आडवा धरून चौथी ओळ लिहिली.