‘तो भाग तसा आहे म्हणे’: कष्टकरी उपनगरांच्या बदनामीची पार्श्वभूमी

जुन्या कामगार उपनगरात घर बघायला निघालेल्या माणसाला सल्ले फुकट मिळतात. ‘तो भाग तसा आहे’, ‘रात्री-अपरात्री जपून’, ‘भाडं कमी आहे ते उगाच नाही’. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण तिथं कधी राहिलेले नसतात. पण त्यांना खोटं ठरवायचं तरी हाताशी काही हवं. मग माणूस गुन्ह्यांचे नकाशे, पोलिसांचे आकडे, घरांचे दर, भिंतींवरची रंगरंगोटी असं जे मिळेल त्यावरून अंदाज बांधतो. ही सगळी मापं कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी घडवलेली आहेत. गंमत अशी की त्यातलं जवळपास कोणतंच माप मुळात घर शोधणाऱ्यासाठी केलेलं नव्हतं.

गरीब वस्ती म्हणजे धोक्याची वस्ती, हे समीकरण कागदावर आणण्यात एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसचा मोठा वाटा आहे. १८४० मध्ये तिथल्या प्रशासनातल्या फ्रेजिए नावाच्या अधिकाऱ्यानं महानगरातल्या ‘धोकादायक वर्गां’वर ग्रंथ लिहिला, आणि कष्टकरी व गुन्हेगार यांच्यातली सीमारेषा पुसट करणारा हा शब्दप्रयोग युरोपभर रुळला. विशेष म्हणजे त्याला छेद देणारे आकडे तेव्हाच उपलब्ध होते. आंद्रे-मिशेल गेरी या वकिलानं न्यायखात्याची आकडेवारी घेऊन १८३३ मध्ये फ्रान्सचे नकाशे प्रसिद्ध केले होते. मालमत्तेविरुद्धचे गुन्हे त्यात श्रीमंत, उद्योगी उत्तरेकडे जास्त दिसत होते. जिथं शिक्षण जास्त तिथं गुन्हे कमी, असंही काही दिसेना. नकाशे नावाजले गेले, पण लोकांच्या तोंडी बसला तो ‘धोकादायक वर्ग’.

कामगारांची उपनगरं मात्र नंतरची. आधी मजूर कामाच्या ठिकाणापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावरच राहायचा. लंडनमध्ये ग्रेट ईस्टर्न रेल्वेला शहराच्या आत शिरायचं होतं आणि त्यासाठी गरिबांची घरं पाडावी लागणार होती. १८६४ च्या कायद्यानं कंपनीवर अट आली: पहाटेच्या कामगार गाड्या चालवायच्या आणि परतीचं तिकीट दोन पेनींत द्यायचं. पुढे १८८३ च्या स्वस्त गाड्यांच्या कायद्यानं ही सवलत व्यापक झाली. टॉटनहॅम, एडमंटन, वॉल्थमस्टो या भागांत चाळीवजा घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. १८८४ मध्ये कामगारांच्या घरांसंबंधीच्या शाही आयोगापुढे याच रेल्वेचे व्यवस्थापक विल्यम बर्ट यांची साक्ष झाली. अशा लोकांना मोठ्या संख्येनं एका जागी वसवलं की साध्या प्रवासी वाहतुकीच्या दृष्टीनं तो भाग कायमचा बिघडतो, असा त्यांचा सूर होता. हा निवाडा चोऱ्यामाऱ्या मोजून केलेला नव्हता. महागड्या तिकिटांचा उतारू कमी होणार, ही त्यामागची काळजी होती. ‘बिघडलेला भाग’ हे विशेषण मात्र रेल्वेच्या हिशेबातून निघून थेट वस्तीला चिकटलं.

त्याच दशकात चार्ल्स बूथ या धनिक जहाजमालकानं लंडनच्या गरिबीची मोजदाद सुरू केली. १८८९ पासून त्याचे रंगीत नकाशे येऊ लागले. प्रत्येक रस्त्याला एक रंग: पिवळा म्हणजे सधन, गुलाबी म्हणजे बऱ्यापैकी खाऊन-पिऊन सुखी, फिका निळा म्हणजे गरीब, गडद निळा म्हणजे कायमची ओढाताण. तळाला काळा, त्याची व्याख्या ‘सर्वांत खालचा वर्ग, दुर्गुणी, अर्ध-गुन्हेगार’. म्हणजे कमाई मोजता मोजता पट्टीच्या तळाशी आल्यावर मोजमाप बदललं. तिथं पैशाऐवजी चारित्र्य आलं. बूथ हा कामाला चोख माणूस. शाळा मंडळाचे जे निरीक्षक घरोघरी फिरत त्यांच्याकडून त्यानं माहिती मिळवली. लंडनचे सुमारे ३० टक्के लोक गरिबीत आहेत हे त्यानं दाखवलं, आणि त्या काळ्या रंगाच्या वर्गात एक टक्काही लोक बसत नाहीत, हेही त्याच्याच कोष्टकात आहे. पूर्व लंडन म्हणजे गुन्हेगारांची खाण, या समजाला खरं तर याहून मोठं खंडन नको. पण नकाशा भिंतीवर लागतो आणि कोष्टक पुस्तकाच्या पोटात राहतं.

१८९० च्या दशकाच्या अखेरीस नकाशे सुधारताना बूथचे सहायक पोलिसांबरोबर पायी फिरले. त्यांच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. काचा फुटलेल्या आहेत का, दारं सताड उघडी आहेत का, पोरांच्या पायात बूट आहेत का, असल्या खुणांवरून रस्त्याची पत ठरत होती. सोबतचा हवालदार ज्या गल्लीत वारंवार बोलावला जायचा, त्याच गल्लीबद्दल त्याला जास्त सांगता येणार हे उघड आहे. आजही परक्या वस्तीतून एक फेरी मारून आपण जे ठरवतो त्याची पद्धत फारशी वेगळी नाही.

अशी काळी ठरलेली ओल्ड निकोल ही पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनची वस्ती १८९० च्या दशकात पाडली गेली. पाच हजार सातशेच्या वर लोक उठवले गेले. जागेवर देखणी बाउंड्री इस्टेट उभी राहून १९०० मध्ये तिचं उद्घाटन झालं. नव्या घरांत परतलेले मूळ रहिवासी डझनभरही नव्हते, कारण भाडं परवडणारं नव्हतं. बाकीचे आजूबाजूच्या आधीच दाटीच्या गल्ल्यांत शिरले, आणि त्या गल्ल्या नकाशावर खालच्या रंगात गेल्या.

अटलांटिकपलीकडे हे रंग कर्जाच्या कागदांवर आले. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये, अमेरिकेत घरमालकांना सावरण्यासाठी सरकारी कर्ज महामंडळ स्थापन झालं. त्यानं १९३५ ते १९४० दरम्यान दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे काढले: हिरवा, निळा, पिवळा आणि ‘जोखमीचा’ म्हणून लाल. प्रत्येक भागाच्या टिपणात घरांचं वय, रहिवाशांचा व्यवसाय, परदेशातून आलेली कुटुंबं किती, कृष्णवर्णीय किती, अशा नोंदी होत्या. जुनी घरं आणि मजूर रहिवासी हे दोन्ही भागाची पत खाली आणणारे मुद्दे. सगळं खापर या एका नकाशाच्या माथी फोडण्याची रीत पडली आहे, पण ते पुरतं बरोबर नाही. महामंडळानं आपली बहुतेक कर्जं नकाशे होण्याआधीच दिली होती आणि त्यातली बरीच पुढे लाल ठरलेल्या भागांतही गेली. जास्त नुकसान केलं ते १९३४ मध्ये आलेल्या गृहनिर्माण प्रशासनाच्या कर्जहमीच्या नियमांनी आणि त्यांच्या मागे चालणाऱ्या खासगी बँकांनी. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून घर पडीक, आणि पडीक घर दिसलं की ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’

शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके हे समाजशास्त्रज्ञ बालन्यायालयाची दप्तरं चाळत होते. १९४२ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: कारखान्यांलगतच्या पट्ट्यात बालगुन्हेगारीचं प्रमाण दशकानुदशकं चढंच राहिलं, मात्र तिथं राहणारे लोक पुरते बदलले होते. एका देशातून आलेले गेले, दुसरीकडचे आले. जे गेले त्यांच्या मुलांतलं गुन्हेगारीचं प्रमाण नव्या भागात उतरलं. दोष रक्तात किंवा जातकुळीत नाही, असं सांगणारा हा भक्कम पुरावा होता. लोकांनी त्यातून उचललं ते एवढंच, की ‘भागच वाईट’.

बदनामी आणि वस्तुस्थिती यांची फारकत बोस्टनइतकी स्वच्छ क्वचितच दिसते. नॉर्थ एंड हा बंदरालगतचा इटालियन कष्टकऱ्यांचा जुना, दाट भाग. शहरांवर लिहिणारी अमेरिकी लेखिका जेन जेकब्स १९५९ मध्ये तिथं गेली तेव्हा घरं दुरुस्त झालेली होती, रस्ते गजबजलेले होते. बँका कर्ज देत नसल्यानं रहिवाशांनी स्वतःच्या कमाईतून आणि एकमेकांच्या कसबाची देवघेव करून हे केलं होतं. गवंडी शेजारी, सुतार शेजारी. तिनं तिथूनच एका ओळखीच्या नियोजनकाराला फोन लावला. ती शहरातली सर्वांत वाईट झोपडपट्टी आहे, तू तिथं करतेस काय, असा त्याचा सवाल. आणि त्याच माणसानं पुढे आकडेही वाचून दाखवले: बालगुन्हेगारी, आजार, बालमृत्यू, सगळ्यांत हा भाग शहरात सर्वांत चांगल्यांपैकी. आकडे त्याच्या टेबलावर होते. आपल्यालाही तिथं भटकायला आवडतं हे त्यानं कबूल केलं. तरी भाग सुधारलाच पाहिजे, हे मत ढळलं नाही, कारण एकरी घरं किती असावीत याचं पुस्तकी माप तिथं ओलांडलं जात होतं. १९६१ मध्ये हा किस्सा छापून आला आणि रस्त्यावर सतत असलेल्या माणसांच्या नजरा हीच पहिली राखण, हा तिचा विचार गाजला. नॉर्थ एंड वाचला. शेजारच्या वेस्ट एंडचं तसं झालं नाही. तोही कष्टकऱ्यांचाच भाग. १९५८ पासून तो जमीनदोस्त केला गेला, हजारो कुटुंबं पांगली, आणि त्या जागी सधनांसाठी उंच इमारती आल्या.

पोलिसांच्या आकड्यांवरचा विश्वासही याच सुमारास डळमळला. नोंदवलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा यांत अंतर असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती, ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘तुमच्या बाबतीत गुन्हा घडला का’ असं लोकांनाच थेट विचारल्यावर कळलं. तिथं १९७३ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून अशी पाहणी नेमानं होऊ लागली. ज्या वस्तीचा पोलिसांवर भरवसा नाही तिथं तक्रारी दबतात. जिथं गस्त जास्त तिथं किरकोळ गोष्टीही वहीत चढतात. शिवाय भीतीचा आणि धोक्याचा मेळ बसत नाही हेही दिसलं. जास्त मार खातात ते तरुण पुरुष, आणि जास्त धास्तावलेल्या असतात त्या स्त्रिया व वृद्ध. अर्थात त्यांची धास्ती खुळी, असा याचा अर्थ नाही. जपून वागल्यामुळेही त्यांचे आकडे कमी राहतात.

१९८२ मध्येच जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा फुटक्या खिडक्यांचा लेख आला: बारीकसारीक बेशिस्त खपवून घेतली की मोठे गुन्हे येतात. पोलिसांना हे फार आवडलं. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश या संशोधकांनी मात्र शिकागोत ते मोजून बघितलं. १९९५ मध्ये गाडीतून कॅमेरे फिरवून २३ हजारांहून अधिक रस्त्यांच्या तुकड्यांचं चित्रीकरण झालं. कचरा, दारूच्या बाटल्या, भिंतीवरची रंगरंगोटी, सगळं टिपलं गेलं. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की लोकांना एखादा भाग ‘बेशिस्त’ वाटणं हे प्रत्यक्ष कचऱ्यापेक्षा तिथं राहणाऱ्यांच्या वर्णाशी आणि गरिबीशी जास्त जुळतं. मत देणारे रहिवासी स्वतः कृष्णवर्णीय असले तरी हेच आढळलं. त्याआधी, १९९७ च्या अभ्यासात ३४३ वस्त्यांतल्या आठ हजारांवर लोकांना विचारलं होतं: शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी दिसली तर शेजारी हटकतील का? जिथं उत्तर ‘हो’ होतं तिथं, गरिबी तेवढीच असूनही, हिंसा कमी होती. घर बघताना हा प्रश्न विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

‘भाग’ हे एककच चुकीचं असावं, हे दाखवलं अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरानं. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये शहरातले पोलिसांना आलेले वर्षभराचे तीन लाखांवर फोन पत्त्यांनुसार लावले. निम्मे फोन अवघ्या ३.३ टक्के ठिकाणांहून आले होते. सिएटलमध्ये डेव्हिड वाइसबर्ड यांना चौदा वर्षांच्या नोंदींत रस्त्यांच्या चार-पाच टक्के तुकड्यांवर निम्मे गुन्हे सापडले, आणि ते तुकडे बहुतांशी तेच राहत होते. म्हणजे बदनाम भागातही बहुतेक गल्ल्या शांत असतात. एखादा गुत्ता, एखादा थांबा, एखादी ओस इमारत सगळ्यांचं नाव घालवते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं.

हे कळूनही सरकारं वस्तीला एकगठ्ठा शिक्का मारतातच. डेन्मार्कनं २०१० पासून सार्वजनिक गृहसंकुलांची ‘घेट्टो’ यादी काढली. बेरोजगारी, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे आणि रहिवाशांचं मूळ हे निकष. २०२१ मध्ये यादीचं नाव बदललं, यादी राहिली. सलग काही वर्षं त्यात राहिलेल्या संकुलाला कुटुंबांसाठीची स्वस्त घरं ४० टक्क्यांवर आणावी लागतात, मग त्यासाठी विकावी लागोत की पाडावी.

सामान्य माणसाच्या हाती गुन्ह्यांचा गल्लीवार नकाशा आला तो इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या फेब्रुवारीत. पहिल्याच दिवशी इतकी झुंबड उडाली की संकेतस्थळ कोलमडलं. त्यावरचे बिंदू नेमक्या घरावर नसतात. पीडितांची ओळख लपावी म्हणून गुन्हा जवळच्या एखाद्या ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो. त्यामुळे निवांत गल्लीच्या टोकाला पलीकडच्या बाजारपेठेतली दुकानचोरी चिकटू शकते. गुन्ह्यांचा दरडोई दर काढताना भागाकाराला घेतली जाते ती राहणाऱ्यांची संख्या, तिथून रोज ये-जा करणाऱ्यांची नव्हे, म्हणून स्टेशन आणि बाजार असलेलं उपनगर कागदावर नेहमी वाईटच दिसतं. बिंदू उघडून गुन्ह्याचा प्रकार आणि महिना बघता येतो. वेळ मात्र त्यात नसते. रात्री अकराला शेवटच्या गाडीतून उतरल्यावर स्टेशनपासून घरापर्यंत दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, हे त्या वेळी तिथं जाऊनच बघावं लागतं.