सां त्रोपे: रेल्वेने टाळलेलं गाव श्रीमंतांचं कसं झालं

भूमध्य समुद्राच्या फ्रेंच किनाऱ्यावर सां त्रोपे नावाचं एक छोटं गाव आहे. कायम राहणारी वस्ती चार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाहूनही कमी. पण उन्हाळ्यात बंदराच्या धक्क्याला लागलेल्या बोटींमधली एखादी बोट अख्ख्या गावाच्या वार्षिक बजेटाएवढ्या किमतीची असू शकते. हे गाव आधीपासूनच राजेरजवाड्यांचं असणार असा बहुतेकांचा समज असतो. तसं ते नव्हतं. कान आणि नीस ही शेजारची शहरं श्रीमंतांची झाली, तेव्हा सां त्रोपेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याची कारणं दोन: गावाचं तोंड आणि गावाचा रस्ता.

आधी तोंड. या किनाऱ्यावरची बहुतेक गावं दक्षिणेकडे, उन्हाकडे बघतात. सां त्रोपेचं बंदर आखाताच्या आतल्या अंगाला आहे आणि ते उत्तरेकडे बघतं. हिवाळ्यात मिस्त्राल नावाचा कोरडा, बोचरा वारा सुटला की तो थेट धक्क्यावर येऊन आदळतो. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर येणारे लोक उन्हाळ्यात येतच नसत. इंग्रज आणि रशियन उमराव हिवाळा काढायला, छातीच्या दुखण्यावर उतारा म्हणून येत. लॉर्ड ब्रूम १८३४ साली कॉलऱ्याच्या बंदोबस्तामुळे कानला अडकला, तिथेच त्याने बंगला बांधला आणि कानचं नशीब फळफळलं. असल्या हिवाळी पाहुण्यांना उत्तरेचं तोंड असलेलं गाव काय कामाचं?

दुसरं कारण रस्ता. मार्सेयहून येणारी रेल्वे १८६३ मध्ये कानला आणि १८६४ मध्ये नीसला पोचली. पण तुलाँनंतर रूळ मोर डोंगररांगेच्या मागून, आतल्या बाजूने गेले आणि सां त्रोपेचा भाग बाजूला पडला. पुढे किनाऱ्याने एक छोटी मीटरगेज गाडी आली, तीही दुसऱ्या महायुद्धानंतर बंद पडली. आजही गावाला रेल्वे स्टेशन नाही. आज ज्याला गावाचं जुनं सौंदर्य म्हणतात, त्यातलं बरंचसं या गैरसोयीमुळे टिकलं असं माझं मत आहे.

त्याही आधीचा इतिहास तर ओस पडलेल्या गावाचा आहे. मध्ययुगाच्या शेवटी लढाया आणि चाचेगिरीमुळे इथे कुणी उरलं नव्हतं. १४७० साली प्रोव्हान्सच्या सरदारांनी जिनोआच्या राफाएले गारेत्सिओ नावाच्या माणसाशी करार केला. त्याने साठेक कुटुंबं आणून गाव वसवायचं, तटबंदी उभारायची आणि समुद्राकडून राखण करायची. मोबदल्यात गावाला करमाफी. करमाफी आणि स्वतःची फौज अशा जोरावर हे गाव दोनशे वर्षं जवळजवळ स्वतंत्र संस्थानासारखं वागलं. १५५८ पासून दरवर्षी नगर-कप्तान निवडायची प्रथा पडली. १६३७ च्या १५ जूनला वीसेक स्पॅनिश गॅली, म्हणजे वल्ह्यांच्या युद्धनौका, चालून आल्या, त्या गावकऱ्यांनीच पिटाळल्या. १६७२ मध्ये चौदाव्या लुईने हे हक्क काढून घेतले आणि तो थाट संपला.

कप्तान मात्र आजही निवडला जातो. १६ ते १८ मे या तीन दिवसांत ‘ब्राव्हाद’ हा गावाचा उत्सव असतो. ग्रामदैवत म्हणावं असा संत त्रोपे हा मूळचा पिसाचा, रोमन सम्राट नीरोच्या पदरचा अधिकारी. ख्रिस्ती झाला म्हणून त्याचा शिरच्छेद केला आणि धड एका कुत्र्यासह व कोंबड्यासह होडीत घालून समुद्रात सोडलं, ती होडी इथे लागली, अशी कथा. उत्सवात जुन्या लष्करी गणवेशातले गावकरी संताची मूर्ती गल्ल्यांतून मिरवतात आणि रुंद तोंडाच्या बंदुकांचे बार जमिनीच्या दिशेने उडवतात. गोळी नसते, नुसती काळी दारू. अरुंद गल्लीत तो आवाज छातीत बसतो आणि धुरात पुढचा माणूस दिसेनासा होतो. पर्यटकांसाठी बसवलेला हा कार्यक्रम नव्हे. इथे बाहेरच्याने बाजूला उभं राहायचं असतं.

आता आपल्याकडचे धागे. बंदरावर एक मोठा ब्राँझचा पुतळा आहे, अॅडमिरल सुफ्रेंचा. त्याच्या घराण्याकडे या गावाची जहागीर होती. १७८२-८३ मध्ये कोरोमंडल किनारा आणि श्रीलंकेच्या आसपासच्या पाण्यात इंग्रज अॅडमिरल ह्यूजशी पाच वेळा झुंजला तो हाच. १७८२ च्या जुलैत कडलूरजवळ हैदर अलीने त्याची भेट घेतली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इकडे सालबाईच्या तहाची बोलणी पुरी होऊन मराठे इंग्रजांविरुद्धच्या आघाडीतून बाजूला झाले होते, हे लक्षात घेतलं की हैदरला हा फ्रेंच दर्यावर्दी किती मोलाचा वाटला असेल ते कळतं.

दुसरा धागा याहून जिव्हाळ्याचा. जाँ-फ्रान्स्वा अलार हा याच गावात १७८५ मध्ये जन्मलेला, नेपोलियनच्या घोडदळातला अधिकारी. नेपोलियन पडल्यावर नोकरी गेली. इराणमार्गे तो १८२२ मध्ये लाहोरला पोचला आणि महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत घोडदळाला युरोपीय पद्धतीची कवायत शिकवू लागला. चंब्याच्या बन्नू पान देई या मुलीशी त्याने लग्न केलं. १८३५ च्या सुमारास बायको-मुलांना घेऊन तो गावी आला, त्यांच्यासाठी घर बांधलं, आणि स्वतः परत पंजाबात गेला. १८३९ मध्ये पेशावरला वारला. कबर लाहोरात आहे. बन्नू मात्र मागे राहिली. हिमालयाच्या कुशीतली ही बाई, विशीच्या उंबरठ्यावर एका मासेमारी बंदरात येऊन पडली, नवरा पुन्हा दिसला नाही, पुढे तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८४ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी, इथेच देह ठेवला. तिच्या नावाचं ते घर आज महागडं हॉटेल आहे. पाहुण्यांना तिथली ‘भारतीय’ सजावट दाखवतात. तिने त्या गल्लीत काढलेल्या वर्षांविषयी फारसं कुणी बोलत नाही.

त्या काळी गाव जगत होतं ते बोटबांधणी, व्यापारी गलबतं, मासे, ओकच्या सालीची बुचं आणि द्राक्षं यांवर. विसाव्या शतकात, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, शेजारच्या गासांच्या हद्दीत पाणतीर (टॉर्पेडो) बनवायचा कारखाना निघाला आणि बराच काळ गावातल्या पुरुषांची पक्की नोकरी म्हणजे तो कारखाना. चकचकीत माहितीपुस्तिकांत याचा उल्लेख सापडणार नाही.

पहिले ‘पाहुणे’ चित्रकार होते. पॉल सिन्याक १८९२ मध्ये स्वतःची शिडाची होडी घेऊन आला, रमला, १८९७ मध्ये घर घेतलं आणि मित्रांना बोलवत सुटला. १९०४ चा उन्हाळा मातिसने इथे काढला. हिवाळी पाहुण्यांना नको असलेलं उत्तरेचं तोंड चित्रकारांना मानवलं. संध्याकाळी सूर्य आखातापलीकडे उतरतो, तेव्हा उजेड बंदरातल्या गुलाबी-पिवळ्या घरांवर तिरका पडतो आणि बराच वेळ रेंगाळतो. सोळाव्या शतकातल्या आनोंसियाद प्रार्थनाघरात १९५५ पासून या मंडळींच्या चित्रांचं संग्रहालय आहे. १९६१ मध्ये तिथून ५७ चित्रं चोरीला गेली आणि पुढच्या वर्षी परत सापडली. गर्दीला कंटाळलेल्याने सरळ इथे शिरावं. धक्क्यावर शेकडो माणसं असताना आत दहा सापडणार नाहीत.

१५ ऑगस्ट १९४४ ला दोस्तराष्ट्रांच्या फौजा प्रोव्हान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या, त्यात जवळचा पांपलोनचा पुळणकिनारा होता. माघार घेताना जर्मनांनी बंदर उडवून दिलं. तेव्हा आज ‘जुनी’ म्हणून फोटोत येणारी धक्क्यावरची घरं युद्धानंतर जुन्या धाटणीने पुन्हा बांधलेली आहेत. काचेच्या इमारती उठवायची संधी असताना गावाने ती घेतली नाही. त्या निर्णयावर आज कोट्यवधींचा धंदा चालतो.

खरी उलथापालथ झाली ती १९५० च्या दशकाच्या मधल्या दोन-तीन वर्षांत. फ्रान्समध्ये १९३६ पासून पगारी सुट्टी मिळू लागली होती आणि समुद्रावर जायचा हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात सरकला होता. पांपलोनवर बर्नार आणि जेनव्हिएव्ह द कोल्माँ हे जोडपं राहत होतं. दोघंही भटके, १९३८ मध्ये त्यांनी अमेरिकेतली कोलोराडो नदीतून कयाकने लांबचा प्रवास केला होता. तिथे फ्रेंच नटी ब्रिजित बार्दोच्या सिनेमाचं युनिट शूटिंगला आलं आणि यांचं घर म्हणजे खानावळच समजून जेवण मागू लागलं. त्यातून ‘क्लब ५५’ उभा राहिला. त्याच सुमारास मूळचा पोलंडचा बेकर अलेक्सांद्र मिका आपल्या आजीच्या पद्धतीचा क्रीम भरलेला गोड पाव विकत होता. त्याला गावाचं नाव द्यायची कल्पना बार्दोची, असं सांगतात. सिनेमा १९५६ मध्ये आला आणि गाजला. १९५८ मध्ये बार्दोने समुद्राला लागून ‘ला माद्राग’ हे घर घेतलं. माद्राग म्हणजे ट्यूना पकडायचं मोठं जाळं.

१९६७ मध्ये एका लेबनीज हॉटेलमालकाने ‘बिब्लोस’ उघडलं. १९७१ च्या मे महिन्यात ब्रिटिश रॉक गायक मिक जॅगरचं लग्न इथे लागलं आणि फोटोग्राफरांनी गाव अक्षरशः वेढलं. यानंतर पैशाला गावाचा पत्ता विचारावा लागला नाही.

तो पैसा जमिनीला भिडला. सगळा किनारा काँक्रीटने भरला नाही याचं श्रेय सरकारला द्यावं लागेल. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी किनारा-संरक्षण संस्थेने या द्वीपकल्पाची दक्षिणेकडची टोकं विकत घेऊन ठेवली. १९७६ च्या कायद्याने खासगी जमिनीतूनही किनाऱ्यालगत तीन मीटरची पायवाट सर्वांना खुली झाली. १९८६ च्या किनारा कायद्याने वस्तीबाहेर समुद्रापासून शंभर मीटरच्या आत बांधकाम जवळजवळ बंद केलं. पांपलोन, जो खरं तर शेजारच्या रामात्युएल गावाच्या हद्दीत येतो, तिथल्या क्लबांनी वाळूच्या टेकड्यांवर पक्की बांधकामं केली होती. ती २०१९ पर्यंत हटवून, क्लबांची संख्या कमी करून, हंगामानंतर उचलून नेता येतील अशीच बांधकामं ठेवायचा नियम झाला. क्लबवाल्यांनी आरडाओरडा केला. गादी-छत्रीचे दर मात्र त्यानंतरही उतरले नाहीत.

गावातल्या घरांना कुठल्याच कायद्याने वाचवलं नाही. बहुसंख्य घरं आता वर्षातले काही आठवडे उघडणारी दुय्यम घरं आहेत. १९९० च्या आसपास साडेपाच हजारांवर असलेली लोकसंख्या तेव्हापासून घसरत आली आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांचं घर वाटणीला आलं की भावंडांना ते विकण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा म्हटलं तर बाजारभाव परवडत नाही. हॉटेलांत राबणारी मुलं जवळच्या कोगोलां गावाहून किंवा त्याहून लांबून येतात. हॉस्पिटलही गासांच्या हद्दीत. नोव्हेंबर ते मार्च मध्यवस्तीतल्या खिडक्यांच्या झडपा रांगेने बंद दिसतात, आणि दवाखाना-किराण्यासारख्या साध्या गोष्टींसाठी गाडी काढावी लागते. इथे राहायला जायचं स्वप्न बघणाऱ्याने आधी एक जानेवारी काढून बघावा.

तरी गाव पुरतं संपलेलं नाही. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी प्लास दे लीस या चौकात बाजार भरतो, तिथे चिनाराच्या जातीच्या झाडांखाली ऑलिव्ह, चीज, मध, जुने कपडे सगळं मिळतं. बाजार उठला की त्याच मातीत म्हातारे पेतांकचे लोखंडी गोळे टाकत बसतात. शेजारी नवशिके सेलिब्रिटी फोटो काढून घेत असतात, त्यांच्याकडे ते बघतही नाहीत. रोंदिनीच्या दुकानात १९२७ पासून चामडी चपला हाताने शिवल्या जातात. संध्याकाळचा धक्का हा फुकट तमाशा: बोटींची मागची बाजू धक्क्याला टेकलेली, तिथे जेवणाचं टेबल मांडलेलं, आणि पाच पावलांवर आइस्क्रीम चाटत उभी जनता. बोटीवाल्यांना बघितलं जायला आवडतं आणि धक्केवाल्यांना बघायला, कुणाचीच तक्रार नसते.

जायचं तर जुलै-ऑगस्ट टाळावा. मे महिन्यात ब्राव्हाद असतो. सप्टेंबरच्या शेवटी शिडाच्या जुन्या-नव्या नौकांची शर्यत. १९८१ मध्ये दोन बोटवाल्यांच्या पैजेतून ती सुरू झाली, १९९५ च्या जीवघेण्या अपघातानंतर थांबली आणि १९९९ पासून नव्या नावाने भरते. समुद्राकाठच्या कबरस्तानापासून निघून ग्रानिए, कानबिए आणि सालांपर्यंत पायवाटेने चालत गेलं की अब्जाधीशांच्या बागांच्या कडेने पोहायच्या जागा लागतात, तिकीट नाही. पाणी आणि टोपी सोबत हवी, वाटेत दुकान नाही. येताना सां राफाएलपर्यंत रेल्वेने येऊन पुढे बोट घ्यावी, किंवा सांत माक्सिमहून आखात ओलांडणारी लहान फेरी. मोटारीनेच यायचं असेल तर गावात शिरायला ला फूच्या चौकातून येणारा मुख्य रस्ता एकच आहे; सकाळी नऊच्या आत तो चौक ओलांडावा, नाहीतर शेवटचे पाच किलोमीटर चालत गेलेलं लवकर होतं.