स्वतःलाच पाठवलेल्या पाकिटाने कॉपीराइट पक्का होत नाही

आपली कविता स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पाकीट फोडू नका, की अमेरिकेत कॉपीराइट पक्का, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. कॉपीराइट रचना कागदावर उतरताच मिळतो, पाकिटाने त्यात भर पडत नाही. मात्र अमेरिकी रचनेसाठी फेडरल कोर्टात दावा लावायचा तर कॉपीराइट ऑफिसने आधी नोंदणी केलेली किंवा नाकारलेली असावी लागते. नुसता अर्ज पुरत नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये एकमताने सांगितलं. भारतात प्रथम प्रकाशित झालेल्या रचनांना साधारणपणे ही अट नाही. पण उल्लंघनाआधी किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांत नोंदणी नसेल, तर १,५०,००० डॉलरपर्यंतची कायद्याने ठरवलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च, दोन्ही मागता येत नाहीत. नवोदितांना सर्वात मोठा फटका इथेच बसतो.