सेझिनकोट: इंग्रजी टेकडीवरचा छज्जा

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये, मॉरटन-इन-मार्श या गावापासून जवळच, झाडीतून एक हिरवट-निळा घुमट डोकावतो. तांब्याचा आहे, कांद्याच्या आकाराचा. त्याच्या खाली कोपऱ्यांवर छत्र्या, भिंतीभोवती रुंद छज्जा, खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या कमानी. कॉट्सवोल्डच्या मधाळ दगडातली ही हवेली म्हणजे सेझिनकोट. आग्र्याला जाऊन आलेला माणूस तिथे नक्की थबकेल. ती तिथे पोचली कशी, याची गोष्ट तीन भाऊ आणि एक चित्रकार यांच्यापासून सुरू होते.

कर्नल जॉन कॉकरेल बंगालमधून परतला आणि १७९५ मध्ये त्याने ही जहागीर विकत घेतली. तीनच वर्षांत तो वारला. मालमत्ता भावंडांकडे गेली आणि अखेर चार्ल्स कॉकरेलच्या हाती आली. चार्ल्सनेही ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यात बक्कळ पैसा कमावला होता. तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल हा वास्तुविशारद, तेव्हा नवा बंगला बांधायला घराबाहेर शोध घ्यायची गरज पडली नाही. १८०५ च्या सुमारास काम सुरू झाले.

हिंदुस्थानातून गबर होऊन परतणाऱ्यांना इंग्लंडमध्ये 'नेबॉब' म्हणत. शब्द आपल्याच 'नवाब'चा, पण तिकडे ती शिवी होती. जुने जमीनदार या नवश्रीमंतांकडे नाक मुरडून पाहत, त्यांचा पैसा कुठून आला याची कुजबुज चाले. म्हणून बहुतेक नेबॉब घर बांधताना फार जपून वागले. क्लाइव्हने सरेमध्ये क्लेअरमाँट उभारले, फ्रान्सिस साइक्सने बर्कशरमध्ये बेसिल्डन पार्क. दोन्ही घरे पॅलाडियो या इटालियन वास्तुविशारदाच्या वळणाची, खांबांची, शिस्तशीर. बंगालचा पैसा भिंतीत मुरवायचा, पण भिंतीवर दिसू द्यायचा नाही. वॉरन हेस्टिंग्जने याच सॅम्युअल कॉकरेलकडून जवळच डेल्सफर्डचे घर बांधून घेतले, तिथे घुमटाच्या रूपाने हिंदुस्थानची पुसट चाहूल लागते. पण चाहूलच. चार्ल्सने मात्र आपला पैसा कुठून आला हे दर्शनी भिंतीवरच कोरून ठेवले. त्याला निगरगट्टपणा म्हणा किंवा प्रामाणिकपणा. मला तरी त्यात दोन्ही दिसतात.

अडचण एकच होती: सॅम्युअलने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता. इथे थॉमस डॅनियल उपयोगी पडला. तो आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले आणि सात वर्षे देशभर चित्रे काढत हिंडले. १७८९ मध्ये ते दिल्ली, आग्रा, फत्तेपूर सिक्री भागात होते. त्या मुलखावर तेव्हा महादजी शिंद्यांचा वचक होता. १७९३ मध्ये ते मुंबईला आले, तिथे त्यांना जेम्स वेल्स भेटला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा, घारापुरी-वेरूळच्या लेण्यांनी झपाटलेला हाच तो स्कॉटिश चित्रकार. डॅनियल काका-पुतण्यांनीही घारापुरीची लेणी जवळून पाहिली. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी १४४ चित्रांचा मोठा संग्रह टप्प्याटप्प्याने छापला. सेझिनकोटच्या घुमट-कमानींना तपशील मिळाले ते मुख्यतः डॅनियलच्या नजरेतून आणि कागदांतून. घर आकाराला येत होते त्याच सुमारास, १८०५ मध्ये, डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांवरून पुण्याच्या दरबारातले कंपनीचा वकील मॅलेट आणि पेशवे यांचे मोठे तैलचित्रही पुरे केले. आणि ज्या दिल्ली-आग्र्याची ही नक्कल, ती दोन्ही शहरे कंपनीने १८०३ मध्ये दौलतराव शिंद्यांकडून नुकतीच घेतली होती.

आता घराकडे पाहू. छज्जा आपल्याकडे का असतो, हे कुणाला सांगायला नको. डोक्यावरचे ऊन भिंतीवर पडू नये, मुसळधार पाऊस खिडकीत शिरू नये, म्हणून. ग्लॉस्टरशरमध्ये ऊन मुळात दुर्मीळ, ते अडवून काय करायचे? छत्रीत संध्याकाळी वाऱ्याला बसतात; इथल्या छत्र्या नुसत्या आकाशरेषेसाठी आहेत. एका बाजूने काचेच्या दालनाचा लांब अर्धगोल पंख फाकतो. नाजूक झाडे थंडीत जगवण्यासाठी इंग्रज असे दालन बांधत. त्यालाही मुघली कमानींचा साज चढवला आहे, आणि शेवटी अष्टकोनी मंडप. ऊन अडवणारा छज्जा आणि ऊन साठवणारे काचघर एकाच इमारतीला चिकटलेले पाहून हसू येते, पण दिसते मात्र देखणे.

आत पाऊल टाकले की हिंदुस्थान बव्हंशी संपतो. ना चौक, ना ओसरी, ना झरोका. त्या काळच्या कुठल्याही सधन इंग्रजाच्या घरासारखी मांडणी, ग्रीक वळणाची सजावट, घुमटाखाली भव्य जिना. अंगरखा मुघली, हाडे इंग्रजी. बाहेरही अकबरकालीन हिंदू-मुसलमानी मिश्रणातले सुटे सुटे अवयव उचलून एका इंग्रजी चौकोनावर बेतले आहेत.

१८०७ मध्ये युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, इथे येऊन गेला. त्यावरून ब्रायटनचा त्याचा घुमटांचा महाल सेझिनकोटमुळेच झाला असे सर्रास सांगतात. ते अर्धेच खरे. ब्रायटनच्या तबेल्यांचा हिंदुस्थानी थाटाचा मोठा घुमट विल्यम पॉर्डनने १८०३ पासूनच हाती घेतला होता. सेझिनकोटच्या कामात सल्ला देणाऱ्या हम्फ्री रेप्टन या बागरचनाकाराने ब्रायटनसाठी हिंदुस्थानी आराखडे केले खरे, पण ते कागदावरच राहिले. महालाला आजचे रूप जॉन नॅशने १८१५ नंतर दिले.

सेझिनकोट पुढे हात बदलत गेले. १९४४ मध्ये क्लाइनवर्ट कुटुंबाने ते घेतले, डागडुजी केली, आणि पुढे घरासमोर चारबागेच्या, म्हणजे पाटांनी चार भाग केलेल्या मुघली बागेच्या, धर्तीवर सरळ पाट खणला.

मला मात्र घरापेक्षा बाग जास्त खरी वाटते, कारण तिथे डॅनियलचा हात थेट लागला आहे. वर सूर्याचे छोटे देऊळ आणि कुंड, तिथून ओढा खाली उतरतो आणि गाडीवाटेच्या पुलाखालून जातो. पुलाच्या कठड्यावर नंदी. ते कुठे बसवावेत यावर मालकाशी चर्चा चालू असताना डॅनियलने पत्रात थेट विश्वकर्म्याला साक्षीला बोलावले: त्याने इथे डोकावून पाहिले असते तर नंदी आहेत तिथेच राहू द्या म्हणाला असता. पुलाखालचे खांब जाड, बुटके, माथ्यावर दाबलेल्या उशीसारखे. घारापुरीच्या खांबांवरून घेतलेले. घारापुरीत ते डोंगर कोरताना मागे राखले होते, छताचा कातळ आणि खांब एकच. इथे ते दगड रचून उभे केले, आणि त्यांच्या माथ्यावरून पाहुण्यांच्या बग्ग्या घराकडे जात.